टाकी आणि तांदळा

१

चेन्नई शहरातील एग्मोर भागात, पँथिअन रोडवर, जे शासकीय संग्रहालय उभे आहे त्याचा प्रारंभ दगडांपासून झाला, ही गोष्ट तेथे येणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रेक्षक येतात ते चोळकालीन कांस्यमूर्ती पाहण्यासाठी. नटराजासमोर थांबतात, अमरावतीच्या शिल्पपट्टांवरून दृष्टी फिरवितात आणि खनिजांच्या दालनातून पाय न थबकता पुढे जातात. १८५१ साली संग्रहालय स्थापन झाले तेव्हा मात्र सुमारे अकराशे भूशास्त्रीय नमुने हेच त्याचे मुख्य भांडवल होते आणि ते मद्रास लिटररी सोसायटीकडून आले होते. साहित्याचे नाव धारण करणाऱ्या एका संस्थेने सार्वजनिक संग्रहालयाला प्रथम काय द्यावे, तर दगड द्यावेत, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८५४ च्या अखेरीस हा संग्रह नुंगमबाक्कमहून एग्मोरच्या पँथिअन वास्तूत आला आणि आजतागायत तो त्याच आवारात आहे.

काचेच्या कपाटात ठेवलेला दगड ही वस्तुतः विलक्षण गोष्ट आहे. मूर्ती देवळातून उचलून दालनात आणली तर तिची पूजा थांबते, पण तिचा आकार तोच राहतो. ग्रंथ एका घरातून दुसऱ्या घरी गेला तर त्याचा मजकूर बदलत नाही. डोंगराचा तुकडा कपाटात आला की त्याची घटकद्रव्ये तेवढी त्याच्यासोबत येतात. त्याची उंची, त्याचा उतार, दुपारनंतर पडणारी त्याची सावली, त्याला वळसा घालून जाणारी पायवाट, पावसाळ्यात त्याच्यावरून ओघळणारे पाणी यांपैकी काहीही येत नाही. वाक्यातून एक शब्द उचलून वेगळा लिहावा, तो शब्द अचूक असावा आणि वाक्य मात्र हरवावे, तसा हा प्रकार असतो.

आणि तरीही त्या तुकड्यावाचून डोंगराविषयी काही निश्चित असे सांगता आले नसते. येथूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे कोणी घडविलेले नाही, ज्याला वेदना होत नाही, जे बहुधा कोणाच्या मालकीचेही नसते, त्याच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य असू शकते काय? असल्यास ते त्या वस्तूविषयी असते, की तिला पाहणाऱ्या माणसाविषयी? प्रश्न साधा दिसतो. परंतु ज्यांनी ज्यांनी त्याचे उत्तर सरळ देण्याचा प्रयत्न केला, त्यांना कुठे ना कुठे ठेच लागलेली आहे.

२

एग्मोरपासून नैर्ऋत्येला काही कोसांवर सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम या टेकड्या आहेत. तेथील काळसर, कणखर, किंचित निळी-हिरवी झाक असलेल्या खडकाला भूशास्त्रात ‘चार्नोकाइट’ म्हणतात. हे नाव त्या टेकडीचे नव्हे, गावाचे नव्हे, कोणा संशोधकाचेही नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचा कलकत्त्यातील प्रतिनिधी जॉब चार्नोक सतराव्या शतकाच्या अखेरीस वारला. त्याच्या कबरीवर जी शिळा बसविली गेली ती याच जातीच्या खडकाची होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस हॉलंड यांनी १८९३ साली या खडकाचे वर्णन करताना त्या कबरीवरून त्याला नाव दिले. सुमारे अडीचशे कोटी वर्षे वयाच्या, भूकवचाच्या खोल थरांत प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली घडलेल्या या पाषाणाला आपले नाव मिळाले ते अशा रीतीने, जन्मस्थानापासून शेकडो कोस दूर, एका व्यापारी अधिकाऱ्याच्या थडग्यावरून. आज अंटार्क्टिकात किंवा नॉर्वेत त्या जातीचा खडक सापडला तरी त्याला हेच नाव लावले जाते.

या कथेतील उपहास उघड आहे; परंतु त्याखाली एक गंभीर सत्य दडलेले आहे. माणसाचे ज्ञान बहुधा हललेल्या दगडापासून सुरू होते. जागच्या जागी असलेला डोंगर माणसाला दिसतो, पण तो त्याला प्रश्न विचारीत नाही. त्याचा तुकडा निघून भलत्याच ठिकाणी जाऊन पडला म्हणजे विचारावेसे वाटते की हा आला कोठून.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. ३० मे १८६३ रोजी सर्वेक्षणातील एक तरुण भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट पल्लावरमच्या कवायतीच्या मैदानाजवळून जात असता, मुरमासाठी खणलेल्या एका खड्ड्यातून बाहेर फेकलेल्या राडारोड्यात त्यांना एक दगड दिसला. तो निसर्गाने फोडलेला नव्हता. दोन्ही बाजूंनी टवके काढून कोणीतरी त्याला धार दिली होती. भारतातील पुराश्मयुगीन माणसाच्या शास्त्रीय शोधाचा आरंभ त्या दगडापासून मानला जातो. त्याच वर्षी फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरंपाक्कम येथे तशीच हत्यारे मोठ्या संख्येने आढळली. तेथील अगदी खालच्या थराचे वय दहा लाख वर्षांहून अधिक, बहुधा पंधरा लाखांच्या घरात, असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. फूट यांनी आयुष्यभर जमविलेला प्रागैतिहासिक वस्तूंचा संग्रह १९०४ साली एग्मोरच्या संग्रहालयाने घेतला.

ज्या हाताने तो पहिला टवका काढला, त्या हाताबरोबरच दगडाच्या इतिहासात एक नवी गोष्ट आली. त्यापूर्वी दगड होता. त्यानंतर दगड ‘कशासाठी तरी’ झाला. आणि हेही नोंदले पाहिजे की ही कुऱ्हाड कोणा भाविकाला वा सौंदर्यप्रेमिकाला सापडली नाही. जमीन खणणाऱ्या मजुराच्या कुदळीने ती वर आणली आणि खणलेल्या मातीकडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याने ती ओळखली. भूमीला झालेली जखम हेच येथे ज्ञानाचे दार ठरले. निसर्गाला हात लावू नये असा सरसकट उपदेश करणाऱ्याने पल्लावरमचा हा खड्डा आधी ओलांडला पाहिजे.

३

मराठी मनाने दगडाविषयी जो विचार केला आहे, त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशेने वाहतात.

पहिला प्रवाह टाकीचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण लहान मुलालाही ठाऊक असते. तिच्यात कष्टाचा गौरव आहे, सहनशीलतेची शिकवण आहे. पण तिच्या पोटात एक गृहीतकही आहे. ते असे की न घडविलेल्या दगडाला स्वतःचे मोल नाही. मोल येते ते माणसाच्या हातातून, अवजारातून, हेतूमधून. वेरूळचे कैलास लेणे हे या प्रवाहाचे शिखर होय. तेथे डोंगरातून देऊळ वरून खाली कोरून काढले आहे आणि जो दगड काढून टाकला तो देवळाइतकाच सत्य असूनही त्याची आठवण कोणी ठेवलेली नाही.

दुसरा प्रवाह तांदळ्याचा. शिवेवर, बांधावर, पिंपळाखाली, डोंगराच्या खोबणीत जो ओबडधोबड पाषाण शेंदूर लावून पूजिला जातो, त्याला ना डोळे कोरलेले असतात ना हात. म्हसोबा, वेताळ, कितीतरी ग्रामदेवी या रूपात नांदतात. तांदळ्याचे देवपण टाकीच्या घावांतून आलेले नसते. तो ‘स्वयंभू’ असतो, म्हणजे माणसाच्या आधीचा असतो, आणि ही त्याची उणीव नसून हेच त्याचे सामर्थ्य मानले जाते. शेंदराची पुटे चढत चढत त्याला नवा आकार येतो, तो आकारही कोणी योजिलेला नसतो. मुख्य म्हणजे तांदळा हलवीत नाहीत. रस्ता रुंद करताना देऊळ सरकविण्याची वाटाघाट होऊ शकते. पण शिवेचा देव शीव सोडून दुसरीकडे नेला तर तो त्या शिवेचा देव राहील काय, या शंकेने भलेभले कंत्राटदार घुटमळतात.

या दोन प्रवाहांच्या मधोमध मराठी गद्याच्या पहाटेची एक महत्त्वाची घटना उभी आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले, त्या स्थळांची नोंद महानुभावांनी विलक्षण काटेकोरपणे ठेवली. ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ म्हणजे अशा स्थळांचा शब्दांतला नकाशा होय. कोणत्या दाराकडे तोंड, कोणत्या वृक्षाच्या कोणत्या बाजूस, किती अंतरावर, असा तो तपशील आहे. जागेविषयी इतकी निष्ठा बाळगणाऱ्या त्याच पंथात स्वामींचा संबंध घडलेल्या पाषाणांचे लहान तुकडे ‘विशेष’ म्हणून जतन करण्याची आणि त्यांना वंदन करण्याची परंपराही आहे. स्थान हलत नाही. भक्ताला तर हलावे लागते. तेव्हा स्थानाचा अंश भक्ताबरोबर जातो. परंतु तो तुकडा स्थानाची जागा घेत नाही. तो स्थानाची आठवण देतो, आणि स्थानपोथी तिकडे जाण्याची वाट दाखविते. दगड आणि पोथी, खूण आणि वर्णन, ही जोडी तेथे अभंग राहिली.

एग्मोरचा नमुना आणि महानुभावांचा ‘विशेष’ यांत श्रद्धेचे अंतर आहे; रचना मात्र एकच आहे. दोन्हीकडे तुकडा स्वतःसाठी नसून आपल्या बाहेरच्या एका जागेकडे बोट दाखविण्यासाठी आहे. संग्रहालय ही जबाबदारी विसरते तेव्हा त्यातील दगड मुका होतो. आणि ज्या जागेकडे बोट दाखवावयाचे ती जागाच नष्ट होते, तेव्हा बोट हवेत उरते.

४

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाला एक वेगळे वळण मिळाले. इमान्युएल कांट यांनी १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उदात्ततेचे विवेचन करताना असा निष्कर्ष काढला की उदात्तता उत्तुंग कड्यात किंवा खवळलेल्या समुद्रात नसते. ती पाहणाऱ्याच्या मनात असते. निसर्गाची प्रचंडता माणसाच्या कल्पनाशक्तीला हरविते आणि त्या पराभवातून त्याला आपल्या विवेकाची थोरवी जाणवते. हा विचार माणसाला उंचावतो यात संशय नाही. पण त्याचा परिणाम डोंगरावर काय होतो? उदात्तता मनातच असेल, तर कडा हा केवळ निमित्तमात्र ठरतो. आणि एक निमित्त नाहीसे झाले तर दुसरे शोधता येते.

याला छेद देणारी एक कल्पना रिचर्ड राउटली या तत्त्वज्ञाने १९७३ साली मांडली. जगात एकच मनुष्य उरला आहे. त्याच्यानंतर कोणीही असणार नाही. मरण्यापूर्वी तो आपल्या आवाक्यातले सारे सजीव नष्ट करू लागतो. कोणत्याही माणसाचे त्यात नुकसान नाही. मग त्याने काही अयोग्य केले असे म्हणता येईल काय? बहुतेकांचे मन ‘होय’ म्हणते आणि कारण मागितले की अडखळते. राउटली यांनी हा प्रश्न मुख्यतः सजीवांच्या संदर्भात विचारला. दगडापर्यंत तो ताणला की अडखळणे वाढते. भारतीय परंपरेतील अहिंसेचा विचारही सामान्यतः वेदना जाणणाऱ्यापाशी थांबतो. केवळ जैन दर्शनाने पृथ्वीकायिक जीवांची कल्पना करून माती-पाषाणालाही हिंसेच्या विचारात स्थान दिले. परंतु ज्याला ती तत्त्वमीमांसा मान्य नाही, त्याच्यासाठी दगड हा जडच राहतो.

तत्त्वज्ञान अडखळते तेथे लोककथा पुढे गेलेली दिसते. जर्मनीत हार्त्स पर्वताच्या उत्तरेला, बालेनश्टेटपासून ब्लांकेनबुर्गपर्यंत सुमारे वीस किलोमीटर, वालुकाश्माच्या उभ्या भिंतींची एक तुटक ओळ शेताडीतून जाते. पर्वत वर उचलला जाताना आडवे थर उभे झाले, मऊ थर झिजून गेले आणि कठीण तेवढे कण्यासारखे उरले, असे भूशास्त्र सांगते. तेथील खेडुतांची कथा अशी की देवाने आणि सैतानाने पृथ्वीची वाटणी करावयाचे ठरविले. सैतानाने कोंबडा आरवण्यापूर्वी, एका रात्रीत, भिंत बांधून पुरी करावी आणि तिच्या पलीकडचा प्रदेश घ्यावा, असा करार झाला. शेवटचा दगड बसविण्याच्या सुमारास बाजाराला निघालेली एक बाई अडखळली, तिच्या टोपलीतला कोंबडा अवेळी आरवला, आणि सैतानाने संतापून आपलीच भिंत फोडून टाकली. महाराष्ट्रात पांडवांनी एका रात्रीत कोरावयास घेतलेल्या आणि कोंबडा आरवल्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांच्या कथा ज्याने ऐकल्या आहेत, त्याला ही भिंत परकी वाटू नये.

आसपासच्या लोकांना बांधकामासाठी दगड हवा होता आणि ‘सैतानाची भिंत’ हाताशी होती. १८३३ साली तेथील जिल्हाधिकाऱ्याने तिच्यातून दगड काढण्यास मनाई केली. ऱ्हाइन नदीकाठच्या द्राखेनफेल्स या टेकडीची कथाही अशीच आहे. तिच्या पोटातला दगड कोलोनच्या प्रसिद्ध कॅथीड्रलसाठी मध्ययुगात वापरला गेला. एकोणिसाव्या शतकात पुन्हा खाणकाम सुरू झाले आणि शिखरावरच्या पडक्या गढीला धोका निर्माण झाला, तेव्हा १८३६ साली प्रशियाच्या सरकारने खाणीची जागाच विकत घेऊन काम थांबविले. या टेकडीवर सीगफ्रीड नावाच्या वीराने अजगर मारला अशी आख्यायिका आहे. पुढे ‘निसर्ग-स्मारक’ ही संकल्पना जर्मन भाषेत रूढ झाली आणि १९०६ साली प्रशियाने अशा स्मारकांच्या जपणुकीसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन केले. परंतु कायदा येण्यापूर्वी पहारा दिला होता तो सैतानाने आणि अजगराने.

५

कथा असलेला दगड वाचतो, असा या उदाहरणांचा इत्यर्थ दिसतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा, सुमारे साठ मीटर उंचीचा, उभ्या काळ्या स्तंभांचा एक सुळका आहे. दख्खनच्या लाव्हाच्या उद्रेकाशी, म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळाशी, त्याचा संबंध आहे. भोवतालचा खडक खाणींत गेला आणि इमारती थेट पायथ्याला येऊन भिडल्या, सुळका उरला. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. २००७ साली महापालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला. पण तोवर इतकी वर्षे त्याची राखण गावदेवीनेच केली, असे म्हणणे अवास्तव ठरणार नाही. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीने आपल्या पात्रात जे रांजणखळगे कोरले आहेत, त्यांच्या काठी मळगंगेचे ठाणे आहे, हाही केवळ योगायोग नव्हे.

मद्रासच्या टेकड्यांकडे पुन्हा वळले की या सिद्धान्ताची दुसरी, अधिक कठोर बाजू दिसते. सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम येथील खडक एकाच जातीचा आहे. पहिल्या टेकडीशी येशूचा शिष्य संत थॉमस याच्या हौतात्म्याची परंपरा निगडित आहे. माथ्यावर चर्च आहे, पायऱ्या आहेत, यात्रेकरू आहेत. ती टेकडी उभी आहे. पल्लावरम आणि त्रिशूलम या शेजारच्या परिसरात मात्र दीर्घकाळ खाणी चालल्या. तोच दगड, तेच वय, तेच शास्त्रीय मोल. अंतर एवढेच की एकीकडे सर्वांना ठाऊक असलेली कथा होती आणि दुसरीकडे ती नव्हती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे आणि २०२२ साली अशा वारशाच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदाही केंद्र सरकारने प्रसिद्ध केला. या प्रयत्नांचे स्वरूप पाहता शास्त्र येथे एक नवी स्थळपुराणे रचू पाहत आहे, असे म्हणता येईल. ज्याला देव नाही त्याला वय द्यावे, ज्याला आख्यायिका नाही त्याला इतिहास द्यावा, असा तो प्रयत्न आहे.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. दगडाला हात लावू नका, असे म्हणणारा मनुष्य बहुधा दगडाच्याच पायावर उभ्या असलेल्या घरात बसलेला असतो. एग्मोरच्या रस्त्यांखाली, रेल्वेच्या रुळांखाली, संग्रहालयाच्या जोत्याखाली कुठल्या ना कुठल्या टेकडीचा अंश आहे. खाणीत राबणाऱ्या माणसाला दगडाचे ज्ञान नसते, हाही एक सुशिक्षित गैरसमज आहे. महाराष्ट्रातील वडार, तेलुगू प्रदेशातील वड्डेर आणि सर्वत्रचे पाथरवट यांना दगडाची शीर ओळखता येते. हातोडीचा हलका ठोका देऊन नादावरून तो आतून सलग आहे की तडकलेला, हे त्यांना सांगता येते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या इतरांची घरे, विहिरी, घाट बांधले आणि स्वतः पालात राहिला, त्याला निसर्गप्रेमाचा धडा देणे हे अश्लाघ्यच होय. शिवाय गोष्टी वाटतात तितक्या सरळही नसतात. २०१७ च्या टंचाईत चेन्नईला जे पाणी पुरविले गेले, त्यांतील काही शहराबाहेरील सिक्करायपुरमच्या सोडून दिलेल्या दगडखाणींत साचलेले होते. टेकडी गेली, तिच्या जागी खड्डा झाला, आणि त्या खड्ड्याने तहान भागविली. हे सत्य सौंदर्यवाद्याच्या सोयीचे नाही, पण ते बाजूस सारता येत नाही.

मग भेद कोठे करावयाचा? एग्मोरच्याच दुसऱ्या दालनात त्याचे एक उत्तर मिळते. कृष्णाकाठच्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट्ट तेथे आहेत. पालनाडच्या चुनखडीच्या पाषाणातील ही शिल्पे; त्यांतील काही स्थानिक बांधकामांत दगड म्हणून बसविली गेली, काही तर चुन्यासाठी भट्टीत भाजली गेली. १८४५ साली वॉल्टर एलियट यांनी तेथे उत्खनन केले आणि अनेक पट्ट मद्रासला आणले. त्यांतील मोठा भाग १८५९ साली लंडनला गेला, उरलेले आणि नंतर सापडलेले येथे राहिले. या वाटणीविषयी आजही वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. कारण उत्तर काहीही असो, पट्ट परत आणता येतात. अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई कल्पनेत तरी शक्य आहे. भट्टीत गेलेल्या पट्टाची भरपाई मात्र नाही. आणि खडी झालेल्या टेकडीची तर मुळीच नाही. तिचा प्रत्येक कण जगात कोठेतरी शाबूत असतो, एकही नष्ट झालेला नसतो, आणि तरीही ती टेकडी नसते. तिचे अस्तित्व तिच्या द्रव्यात नव्हते, तिच्या जागेत होते, हे तेव्हा कळते.

येथे टाकी आणि तांदळा यांच्यातील वाद नव्या रूपात समोर येतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली सरफोजीराजांनी मराठीत कोरविला. तमिळ भूमीतील पाषाणावर मराठी अक्षरे उमटली, ती या विश्वासाने की राज्य राहील न राहील, दगड राहील. काळ्या दगडावरची रेघ, हा वाक्प्रचार याच विश्वासातून आलेला आहे. राज्य खरोखरच राहिले नाही, लेख राहिला. ही टाकी हिंसक नव्हती. तिने दगडावर भरवसा ठेवला. फूट यांना सापडलेल्या कुऱ्हाडीचा निर्माताही दगडाच्या गुणावर विसंबूनच त्याला आकार देत होता. ज्या घावानंतर दगड अधिक बोलू लागतो आणि ज्या घावानंतर तो कायमचा निःशब्द होतो, त्या दोन घावांना एकच नाव देणे हा विचाराचा आळस आहे.

यावरून कर्तव्याचे स्वरूप काहीसे स्पष्ट होते. दगडाला वेदना नाही, म्हणून त्याच्यावर दया करण्याचा प्रश्न नाही. तो माणसाहून इतका वृद्ध आहे की त्याचे संरक्षण करण्याची भाषाही थोडी उद्धटच वाटते. जे कर्तव्य उरते ते संयमाचे आहे. जे पुन्हा उभे करता येणार नाही, ते मोडण्यापूर्वी गरज खरी आहे काय, ती दुसऱ्या मार्गाने भागते काय, आणि मोडणारा आपल्या गरजेसाठी मोडतो की दुसऱ्याच्या लोभासाठी त्याला मोडावयास लावले जात आहे, एवढे तरी विचारले पाहिजे. तांदळ्यापुढे घुटमळणारा कंत्राटदार नेमके हेच करीत असतो. त्याच्या मनात भीती असेल, श्रद्धा असेल, लोकापवादाची धास्ती असेल. पण तो क्षणभर थांबतो. नीतीचा आरंभ बहुधा अशा थांबण्यात असतो. तत्त्वज्ञानाने त्या थांबण्याला कारण पुरवावे; पण कारण सापडेपर्यंत ते थांबणे निरर्थक ठरवू नये. आणि ज्या टेकडीपाशी शेंदूर नाही, चर्च नाही, अजगर नाही, तिच्यापाशीही असेच थांबता येणे, ही या नीतीची खरी कसोटी होय.

६

एग्मोरच्या रेल्वे स्थानकावरून तांबरमकडे जाणारी लोकल सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम ही दोन्ही स्थानके घेत जाते. संग्रहालयात काळसर खडकाचा तुकडा किंवा ती टवके काढलेली कुऱ्हाड पाहून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला अर्ध्या-पाऊण तासात त्या भूमीवर पोचता येते जेथून हे सारे आले. एका बाजूला चर्चच्या पायऱ्या चढणारी माणसे दिसतात. पुढच्या स्थानकांच्या आसपास विमानतळाची धावपट्टी, दाट वस्ती आणि मध्येच कापलेल्या टेकडीची उघडी बाजू दिसते. त्या उघड्या बाजूवर नुकत्याच फुटलेल्या दगडाची निळसर चमक असते. अडीचशे कोटी वर्षांनंतर तिला पहिल्यांदाच ऊन लागलेले असते.

त्या विद्यार्थ्याच्या हाती स्थानपोथी नाही. संग्रहालयातील चिठ्ठीवर खडकाचे नाव आणि गावाचे नाव, एवढेच लिहिलेले असते. परंतु त्या चिठ्ठीवरील गाव अजून आहे, गाडी तेथे थांबते, आणि टेकडीचा काही भाग अद्याप जागेवर आहे. तो जोवर आहे तोवर कपाटातल्या तुकड्याला अर्थ आहे.